तीनपाती

चिमाजीनं चाकू तिसऱ्यांदा मोजले तेव्हाही ते दहाच भरले.

मग त्यानं बाजू बदलली. आतापर्यंत उजवीकडून मोजत होता, आता डावीकडून सुरुवात केली. केबिनीतल्या बाकड्यावर पंचा पसरलेला होता आणि पंच्यावर दहा चाकू मिटून ओळीनं निजले होते. डावीकडूनही दहाच. त्यानं पंच्याची चारही टोकं उचलून पाहिली, बिस्किटांचा रिकामा डबा उलटा करून बुडावर थाप मारली. डब्यातून थोडा गंज पडला. तीनपाती पडली नाही.

चिंचवडच्या रेल्वे फाटकावर चिमाजी एकोणीस वर्षं काम करत होता. स्टेशनातून घंटी आली की फाटक लावायचं, गाडीला हिरवं निशाण दाखवायचं, गाडी गेली की फाटक उघडायचं आणि मधल्या वेळात म्हातारं व्हायचं. या मधल्या वेळासाठी त्यानं चाकू धरला होता. पांगाऱ्याचं मऊ लाकूड घ्यायचं आणि त्यातून पोपट, बैल, पळी, जे निघेल ते तासून काढायचं. तीनपाती त्याला लढाईच्या वर्षात मिळाली. देहूरोडच्या डेपोकडं निघालेली लष्कराची गाडी फाटकाशी तासभर अडकून पडली होती. चिमाजीच्या हातातला अर्धा पोपट पाहून एका गोऱ्या सार्जंटानं खिशातला चाकू खिडकीतून पुढं केला आणि पोपटाकडं बोट दाखवलं. चाकू हातोहात घेतला की भांडण लागतं, म्हणून चिमाजीनं त्याला खुणेनंच तो खाली खडीवर टाकायला लावलं. सार्जंटाला यातलं काय कळलं देव जाणे, पण त्यानं टाकला. पोपटाला अजून चोच व्हायची होती. तो तसाच बिनचोचीचा लढाईवर गेला.

हरणाच्या शिंगाची मूठ, एका टोकाला एक मोठं पातं, दुसऱ्या टोकाला दोन बारकी. मोठ्यानं ओबडधोबड तासायचं, बारक्यांनी नाक-डोळे काढायचे. उघडताना मोठं पातं 'टक्' म्हणायचं आणि बारकी दबक्या आवाजात 'टिक्' म्हणायची, सुना सासूसमोर बोलतात तशी. बाकीचे दहा चाकू चिमाजीनं पुढं जमवले, काही डेपोच्या लिलावातून, काही पिंपरीच्या कॅम्पातल्या सिंधी शेटजींकडून. ते केबिनीतच डब्यात असायचे. तीनपाती मात्र कोटाच्या खिशात त्याच्याबरोबर घरी जायची. तीनपाती हे नाव त्याचंच. गावानं ते आपल्या आवडीच्या विषयाकडं वळवून तीनपत्ती केलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी ती खिशात होती. कोट पडवीतल्या खुंटीला होता. शनिवारी ऊन फार, म्हणून तो नुसत्या सदऱ्यावरच डूटीला आला. रविवारी संध्याकाळी घरी जाऊन खिशात हात घातला, तर हात थेट अस्तरापर्यंत गेला.

एवढ्यावर माणूस घाबरत नाही. चाकू हरवतात. बायकोला विचारायचं, ती म्हणते तुमच्याच वस्तू कशा हरवतात, आणि वस्तू सापडते. पण शालनबाई बाळंतिणीच्या खोलीत होती. शनिवारी भर दुपारी त्यांच्या कुसुमला मुलगा झाला होता, आणि पाचवीची पूजा होईपर्यंत पुरुषानं त्या उंबऱ्यावर पाऊल ठेवायचं नाही, असं गोजाबाई सुईणीनं बजावलं होतं. चिमाजीनं नातू अजून फक्त ऐकला होता. शिवाय रविवारी सकाळी फाटकाजवळच्या चहावाल्या दत्तोबानं जी बातमी आणली, तिच्यानंतर तीनपातीचं नाव तोंडातून काढायचीच सोय राहिली नव्हती.

"काल चाकणच्या बाजारात कांद्याच्या एका व्यापाऱ्याला खुपसलं," दत्तोबा कप विसळत म्हणाला.

"कुणी?"

"ते निघंल आता. पुण्याला नेलाय. तीन जखमा हायेत म्हणं. एक मोठी, दोन बारक्या."

चिमाजीनं तेव्हा च्याक् केलं आणि चहा प्याला. रात्री मात्र रिकामा खिसा आणि तीन जखमा एकमेकींना भेटल्या. तिन्ही पाती एकदम उघडून कुणी कुणाला मारत नाही, मारणाऱ्याचीच बोटं कापतील, हे चिमाजीइतकं चिंचवडात कुणालाच माहीत नव्हतं. पण ते भीतीला सांगायचं कुणी? एक मोठी, दोन बारक्या. तो पडवीत पडून राहिला आणि खुंटीकडं पाहत राहिला.

खुंटीला कोटाशेजारी जावयाचा सदरा होता.

जावई ज्योतीराम चाकणचाच. कांद्याच्या अडतीवर मापाडी. शुक्रवारी बायकोला बघायला म्हणून आला, रात्री इथंच राहिला आणि शनिवारी उजाडताच "बाजार हाय, चाकणला जातो" म्हणून निघाला. संध्याकाळी मुलगा झाल्याचं कळून परत आला तेव्हा त्याच्या उजव्या तळव्याला चिंधी गुंडाळलेली होती. काय झालं विचारलं, तर म्हणाला, पोती शिवताना दाभण लागलं.

दाभणानं भोक पडतं. चिंधी तर सगळ्या तळव्याला होती.

ज्योतीराम रविवारी गेला नाही. पाचवी करूनच जातो म्हणाला. पडवीत बसून राहायचा, कुत्रं भुंकलं की उठून आत जायचा. चिमाजी त्याच्यासमोर जेवायला बसायचा, भाकरी मोडायचा आणि त्या चिंधीकडं न बघता चिंधीच बघायचा.

"जावईबापू, कालवण घ्या."

"घेतो, मामा."

"तिखट न्हाई ना झालं?"

"न्हाई, मामा."

जावयानं खून केला असला तरी त्याला अरे-तुरे करता येत नाही, हे चिमाजीला त्या जेवणात पहिल्यांदा जाणवलं. आतून बाळ रडायला लागलं. दोघांनीही घास हातात धरून ठेवला.

आणि आता सोमवार. चिमाजीनं दहा चाकू डब्यात भरले, झाकण लावलं, मान वर केली, तर गावाच्या बाजूनं मालोजी शिपाई सायकलवरून येत होता.

पुढं जे झालं ते चिमाजीनं केलं असं म्हणता येणार नाही, त्याच्या हातांनी केलं. हातांनी केबिनीतून निशाणं घेतली, रस्त्यावर जाऊन फाटकाचे दोन्ही पल्ले लावले आणि कडी घातली. घंटी आली नव्हती. रूळ दोन्ही बाजूंना दिसेल तिथवर मोकळे होते.

मालोजीनं सायकल पल्ल्याला टेकवली. "कंची गाडी रं?"

"माल."

"किती येळ?"

"मालगाडीचं काय सांगावं, हवालदार." मालोजी शिपाईच होता, पण त्याला सगळे एक पायरी चढवूनच बोलत.

मालोजीनं टोपी काढून घाम पुसला. मागं दोन बैलगाड्या येऊन थांबल्या. "बरं झालं, तुझ्याकडंच आलतो. शनिवारी दुपारी हितं तीनपत्ती चालली म्हणं."

चिमाजीनं फाटकाची कडी धरली. कडी उन्हानं तापलेली होती, पण त्यानं हात काढला नाही.

"मी डूटीवर हुतो."

"तू हुतास असं कोन म्हनतंय? तुझा जावई हुता, असं कानावर आलंय."

"जावई चाकणला हुता," चिमाजी घाईघाईनं म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला कळलं की आपण आपल्या हातानं जावयाला नेमका त्या बाजारात नेऊन उभा केला.

"चाकणला? नक्की?"

"न्हाई."

"म्हंजी?"

"म्हंजी गेला नसंल."

मागं आता चार बैलगाड्या झाल्या होत्या. पहिल्या गाडीवानानं उभं राहून दोन्हीकडच्या रुळांची पाहणी केली.

"चिमाजी, गाडी पुण्यातनं निघाली तरी का?"

चिमाजीनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. मालोजीनं टोपी चढवली. "जावई हाय ना अजून?"

"बुधवारी पाचवी हाय."

"मग बुधवारी येतो. आत्ता त्या कारखान्याच्या साहेबाकडं जायचंय मला, तुझी मालगाडी बघत कुठं बसू." आणि सायकल वळवून तो आल्या वाटेनं गेला.

तो दिसेनासा झाल्यावर चिमाजीनं रिकाम्या रुळांकडं तोंड करून हिरवं निशाण दाखवलं, थोडा वेळ धरलं, गुंडाळलं आणि फाटक उघडलं. चारही गाडीवान त्याच्याकडं बघत बघत गेले. एकानंही काही विचारलं नाही. रेल्वेचं काम आहे, आपल्याला काय कळतं, असं त्यांना वाटलं असावं.

तीनपाती कुठं आहे हे चिमाजीला माहीत नव्हतं. पण तिची भावंडं कुठं आहेत हे सगळ्या गावाला माहीत होतं. मालोजी बुधवारी येणार, डबा उघडणार, आणि दहा चाकू बाळगणाऱ्या माणसाकडं अकरावा कसा नाही असं विचारणार. मंगळवारी दुपारी बदली गडी आला तसा चिमाजी डबा पंच्यात बांधून पवनेवर गेला.

घाटावर बायका धुणं धुत होत्या. चिमाजी जरा खाली, उंबराच्या झाडाशी बसला. तिथं पाणी मांडीभर होतं आणि तळाला गाळ. चाकू टाकला की 'डुबुक्' होणार, आणि बायका मान वळवणार. म्हणून त्यानं धोपटण्याचा ताल धरला. वर दगडावर धोपटणं आदळलं की इकडून एक चाकू.

पहिला काळ्या शिंगाच्या मुठीचा. याला एक मळसूत्र होतं, बाटलीचं बूच काढायला म्हणे. चिमाजीनं आयुष्यात बुचाची बाटली उघडली नव्हती, पण ते मळसूत्र मात्र दर दिवाळीला तेल लावून ठेवलं होतं. दुसरा पितळी, घोड्याच्या खुरातला खडा काढायच्या आकड्याचा. घोडाही नव्हता. तिसऱ्याचं पातं आधीच्या मालकानं इतकं घासलेलं की गवताची काडी झालेली, पण पोपटाच्या पिसांना त्याच्यासारखं दुसरं नाही. चौथा. पाचवा. सहाव्याला एका धुण्याचा पिळा संपला आणि धोपटणं थांबलं. चिमाजी चाकू हातात घेऊन पुढच्या लुगड्याची वाट बघत बसला. चाकूच्या मुठीला त्याच्याच अंगठ्याचा खळगा पडला होता. अंगठा त्यात आपोआप जाऊन बसला.

लुगडं आलं. सहावा. सातवा.

दहावा टाकून झाल्यावर त्यानं डबाही टाकला. डबा बुडला नाही. तो उताणा होऊन घाटापासून लांब, खाली पुलाकडं वाहत गेला, एवढं तरी बरं झालं.

बुधवारी दिवेलागणीला पाचवीची पूजा मांडली. चिमाजीनं पडवीतल्या खांबाला पाठ लावून उभं राहायची जागा धरली होती, जिथून रस्ता दिसतो. ज्योतीराम घोंगडीवर बसला होता. बाळंतिणीच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि उंबऱ्याच्या आत लगेच गोजाबाईनं पाटा-वरवंटा मांडला होता. शालनबाईनं समई पुढं सरकवली तसा पाट्यावर उजेड पडला.

पाट्यावर हळद, कुंकू, ज्वारीच्या कण्या, लिंबू. आणि मधोमध तीनपाती.

चिमाजीनं डोळे मिटले, उघडले. हरणाच्या शिंगाची मूठ. मोठं पातं मिटलेलं, बारक्यांतलं एक उघडं. त्या पात्यावर कुंकू नव्हतं. कुंकू लाल असतं. हे काळपट होतं, सुकून खपली धरलेलं, पात्याच्या मुळाशी जास्त.

म्हणजे चाकू घरातच होता. म्हणजे चाकू चाकणला जाऊन घरी आला होता. आणि बायकांना माहीत होतं. पोरीच्या कपाळाचं कुंकू राखायचं म्हणून बायका काय वाटेल ते पुजतील. त्यानं ज्योतीरामकडं पाहिलं. ज्योतीराम पाट्याकडं बघतच नव्हता. तो रस्त्याकडं बघत होता.

रस्त्यावरून सायकलची घंटी वाजली.

मालोजीनं सायकल भिंतीला लावली, घरात पूजा चाललीय म्हणून चपला बाहेर काढल्या आणि पडवीच्या पायरीवर एक पाय ठेवून म्हणाला, "ज्योतीराम तुमीच का?"

ज्योतीराम उठला. त्याचा चिंधीचा हात पाठीमागं गेला. आत बाळानं चुळबुळ केली आणि कुसुमचा आवाज आला, "कोन आलंय, आई?"

चिमाजी खांबापासून सुटला आणि दोघांच्या मधे जाऊन उभा राहिला. असं काही करायचं त्याच्या मनात नव्हतं. फाटक लावलं होतं त्याच हातांनी हेही केलं असावं.

"हवालदार, तीनपत्ती माझी हाय."

मालोजी बघत राहिला.

"शनिवारचं समदं माझंच हाय. जावयाचा काई संबंध न्हाई."

"तुझं?"

"व्हय."

"एकट्याचं?"

"एकट्याचं."

मालोजीनं खिशातून वही काढली, कानावरची पेन्सिल काढली आणि तिचं टोक जिभेला लावून विचारात पडला. "एकट्यानं कशी व्हईल रं? समोर कोन तरी लागतो की."

"समोर तो व्यापारी व्हता."

"आत्ता! व्यापारी बी खेळत व्हता?"

चिमाजीचं तोंड उघडं राहिलं. खेळत. हा शब्द त्याच्या कानात शिरला आणि बसायला जागा शोधू लागला.

"ह्ये बघ," मालोजी समजुतीच्या सुरात म्हणाला, "वीटभट्टीमागं पाच जन पत्ते कुटत हुते. मी गेलो तसे चौघं सापडले. पाचवा बाभळीच्या कुंपणावरनं उडी टाकून पळाला. कुंपणाला रगात हुतं. त्या पाचव्याचं नाव लिवायचं राहिलंय. तो पाचवा तू?"

चिमाजीनं मान अगदी हळू वळवली. ज्योतीराम घोंगडीच्या कडेकडं बघत होता, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. बायको आत कळा देत असताना हा माणूस भट्टीमागं पत्ते खेळत होता. आपला जावई जुगारी आहे, खोटारडा आहे आणि पळपुटा आहे, हे कळून एखाद्या सासऱ्याच्या अंगातून इतका गार, इतका सुखाचा वारा आजवर गेला नसेल.

आता "चुकलं, हवालदार" एवढंच म्हणायचं होतं. दाराच्या आत कुसुम बाळाला घेऊन दिव्याशी सरकली होती. तिचा चेहरा त्याला दिसला. ती नवऱ्याकडं बघत होती, आणि तिला अजून काही कळलेलं नव्हतं.

"मीच," चिमाजी म्हणाला.

"हात दाखव."

चिमाजीनं दोन्ही तळवे समईच्या उजेडात पुढं केले. मालोजी वाकला. तळव्यांवर, बोटांवर, अंगठ्याच्या बुंध्याशी, जिथं पाहावं तिथं कापल्याच्या रेघा होत्या, जुन्या पांढऱ्या, नव्या तांबूस, एकीवर एक.

"आयला," मालोजी म्हणाला. "ह्यातलं बाभळीचं कंचं?"

"समदंच."

"आन डूटी? सोमवारी तर डूटीवर हुतो म्हनालास."

"फाटक लावून गेलो हुतो."

मालोजीची पेन्सिल थांबली. चेहऱ्यावर उजेड पडला. "तरीच! परवा गाडी न्हाई, घोडं न्हाई, आन फाटक लावून उभा. कुठं तरी डाव मांडलेला असनार, आन मी आलो." त्यानं लिहिलं, सावकाश, चिमाजीच्या बापाच्या नावासकट. "कवापासनं खेळतोस?"

चिमाजीनं थोडा विचार केला.

"लढाईपासनं."

"दिसतोस साधा, राव." मालोजीनं वही मिटली. त्याला खरोखरच वाईट वाटलं होतं. "ह्या बारीला ताकीद. रेल्वेला कळवत न्हाई. पर नातू झालाय आता, सोड ह्ये."

"सोडतो." मग मालोजी पायरी उतरायला लागला तसं चिमाजीला राहवलं नाही. "हवालदार, तो चाकणचा व्यापारी? खुपसलेला?"

"कोन? त्यो बैलानं घेतलेला? उठून बसला की. कालच बैल विकला म्हनं त्यानं."

"तीन जखमा हुत्या."

"दोन शिंगाच्या. आन पडला तो खुंट्यावर." मालोजी चपला घालत म्हणाला. चाकणहून चिंचवडपर्यंत येईतोवर बातमीतला बैलच गळून पडला होता, नुसतं खुपसणं तेवढं पोचलं होतं.

सायकल गेली. ज्योतीराम अजून उभाच होता. चिमाजी मात्र पुन्हा पाट्याकडं बघत होता, कारण खून नव्हता, खुनी नव्हता, आणि पात्यावरची ती काळपट खपली तिथंच होती.

"मग ह्ये रगात कुनाचं?" त्याचा आवाज बारीक निघाला.

गोजाबाईनं कुंकवाचं बोट पात्याच्या पाठीवर टेकवलं. "तुझंच म्हन की. नाळ कापली न्हवं त्यानं. पाचवी पुजेस्तवर मी धुवू देत नस्ते."

"माझ्या तीनपातीनं?"

"विळ्याला धार नव्हती," शालनबाई आतून म्हणाली. "गोजाबाई म्हणाली, धारेचं काय तरी आणा, झटदिशी. कोट खुंटीला हुता. काढली, उकळत्या पान्यात टाकली, दिली. तुमीच सांगत फिरता ना, असलं पातं पुन्यात न्हाई म्हनून."

"मला सांगायचं की."

"तुमी इचारलं कवा?"

तो चार दिवस फक्त विचारायचा राहिला होता.

गोजाबाईनं चाकू पुसला, पातं मिटलं. ते 'टिक्' म्हणालं. मग तिनं तो बाळाच्या दुपट्याखाली, उशाशी सरकवला. "लोखंड हाय, चांगलं हाय. सव्वा महिना हितनं हलवायचं न्हाई."

"व्हय, बाळ-बाळंतिणीपाशी ऱ्हाऊ द्या," शालनबाई म्हणाली. "तुमच्याकडं दहा हायेत की अजून. त्यातला एखादा मला बी द्या, नारळ सोलायला."

"न्हाईत."

"कुठं गेले?"

"नदीत," चिमाजी म्हणाला.

शालनबाईनं पुढं काही विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं काही उत्तरं तशीच ठेवून द्यायला शिकून घेतलं होतं. ज्योतीरामनं मात्र मान वर करून सासऱ्याकडं पाहिलं.

शुक्रवारी दुपारी चिमाजी केबिनीच्या पायरीवर बसून पांगाऱ्याचा बैल काचेच्या तुकड्यानं खरवडत होता. बारशाला पाच दिवस राहिले होते. अंग बरं निघालं होतं, पण काचेनं शिंगं निघत नव्हती. डोक्यावर नुसताच एक उंचवटा होता, टोपी घातल्यासारखा. जिच्यानं शिंगं निघाली असती ती तीनपाती, ज्या नातवासाठी बैल चालला होता त्याच्या डोक्याखाली होती.

रुळाच्या बाजूनं ज्योतीराम आला. धोतर कंबरेपर्यंत ओलं, पिंढऱ्यांना सुकलेला गाळ. काही न बोलता त्यानं कमरेची पुरचुंडी सोडली, एक चाकू काढला आणि चिमाजीच्या हातात न देता पायरीवर, दोघांच्या मधे ठेवला. पितळी मूठ. घोड्याच्या खुराचा.

मग दोन पावलं मागं सरून उभा राहिला.

"घाटावरच्या बायकांनी जागा दावली. बाकीचे गाळात गेलेत," तो म्हणाला. "पायानं चाचपून बघतोय. उद्या उंबराच्या पल्याड बघतो."

चिमाजीनं चाकू उचलला. पातं उघडताना सांध्यातली वाळू करकरली. त्यानं ते सदऱ्याला पुसलं.

"हात कसा हाय?"

"बरा हाय, मामा."

"पत्ते धरता येत्यात?"

ज्योतीरामनं पिंढरीवरचा गाळ नखानं खरवडला. "न्हाई," मग म्हणाला.

"बसा," चिमाजी म्हणाला, आणि बैलाच्या डाव्या शिंगाला सुरुवात केली.

स्टेशनातून घंटी आली. फाटकाशी एक बैलगाडी येऊन उभी राहिली, आणि गाडीवानानं आधी चिमाजीकडं, मग दोन्हीकडच्या रुळांकडं संशयानं पाहिलं. चिमाजीनं उठून पल्ले लावले. या वेळी खरोखरच गाडी होती.